खंडेनवमीच्या पूजेतलं नारिंगी यंत्र

खंडेनवमीला आमच्या इस्लामपूरच्या घरात पूजेला काय मांडायचं याला धरबंध नसतो. विळे, खुरपी, पाना-पक्कड, शिलाई मशीन, गेल्या काही वर्षांपासून मुलाचा लॅपटॉपही. ज्यानं पोट भरतं त्याला हळदकुंकू लागलं पाहिजे, हा सासूबाईंचा नियम मी पुढं चालवला. यंदा सणाला मुलगा परदेशातून आला होता. त्याच्या बॅगेतलं मुठीएवढं नारिंगी यंत्र मी स्वतः काढून पाटावर ठेवलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि हात जोडले.

मुलगा तिकडं डोंगरांत दगडांचा अभ्यास करतो. फोनची रेंज जिथं संपते तिथून त्याचं काम सुरू होतं. ते यंत्र थेट उपग्रहाशी बोलायचं आणि रोज संध्याकाळी माझ्या मोबाइलवर दोन शब्द यायचे: ठीक आहे. ते आले की मी भाकरी थापायला घ्यायची. अशा यंत्राची पूजा नाही करायची तर कशाची करायची? मोठ्या कौतुकानं मी पूजेचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला.

थोड्याच वेळात कोरेगावहून धाकट्या दिरांचा फोन आला. ते सैन्यात सिग्नलला, म्हणजे संदेशवहनाच्या दलात होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. सणाच्या शुभेच्छा नाहीत, काही नाही.

“वैनी, त्यो फोटो काडा आधी.”

“का हो भावजी?”

“ते नारिंगी हाय न्हवं, ते उपग्रहाचं हाय. परवानगीबिगर आपल्या देशात जवळ ठेवता येत न्हाई. विमानतळावर लोकांस्नी पकडल्यालं हाय त्यापायी.”

मी लगेच फोटो काढून टाकला, पण तोवर पुतणीनं तो स्टेटसला लावला होता.

खरं तर मला हे ठाऊक असायला हवं होतं. मी आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय करारावर पुष्कळ देशांनी सह्या केल्या तेव्हा आपला देश सही न करता थांबला होता, हे मी दरवर्षी रंगवून सांगायची. इंटरनेट सगळ्यांचं, हेही आपण म्हणतो, आणि सुरक्षेचा प्रश्न आला की शेवटचा शब्द सरकारचा, हेही म्हणतो. पोरं विचारायची, “मॅडम, म्हणजे आपण तळ्यात की मळ्यात?” मी ठणकावून सांगायची की आपल्या जमिनीवरून आभाळाशी कोण बोलतं हे आपल्याला कळलंच पाहिजे, त्यात तळ्यात-मळ्यात नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! ते आभाळाशी बोलणारं यंत्र माझ्याच पाटावर कुंकू लावून बसलं होतं.

मुलगा बेफिकीर होता. “येताना कुणी विचारलंसुद्धा नाही, आई. जातानाही मोठ्या बॅगेत तळाला टाकतो.”

मला तर त्याला विमानतळावर बाजूला घेतलेलं दिसायलाच लागलं. पासपोर्ट अडकला, नोकरी गेली, इथपर्यंत मी मनानं जाऊन आले. पुरणाचं ताट तसंच झाकून ठेवलं.

दुपारी दीर एसटीनं येऊन पोचले. आल्या आल्या त्यांनी पुतण्याला समोर बसवलं. “इचारलं न्हाई म्हंजी चालतंय, असं नसतंय गड्या. आपल्या पायानं जाऊन ठाण्यात दे. लपवून सापडलास तर कोण ऐकनार तुजं?”

मुलगा उठून पाटाकडं वळला. मग मीच आडवी आले. पूजेतली वस्तू दसऱ्याआधी पाटावरून उचलायची नसते. आमच्याकडं कधी कुणी उचललेली नाही, आणि नेमकी हीच उचलायची म्हणजे मला अपशकुनच वाटला.

“भावजी, उद्या दिलं तर?”

“वैनी, देवाला समजतंय. पोलिसाला कसं समजवायचं?”

शेवटी मीच ते उचललं. पदरानं पुसलं, पण बटणांच्या फटीतलं कुंकू काही निघालं नाही.

ठाण्यातल्या साहेबांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. बोलणं सभ्य होतं, पण हसू नव्हतं. “इथं सगळीकडं रेंज आहे. मग हे इकडं आणलंत कशाला?”

“बॅगेत चुकून राहिलं,” मुलगा म्हणाला.

तो खोटं बोलत होता. निघायच्या दिवशी मीच त्याला फोनवर दोनदा विचारलं होतं, ते घेतलंस ना, ते अंगावेगळं करू नकोस. पहिल्यांदा वाटलं, गप्प बसावं. मग म्हटलं, “साहेब, मी आणायला लावलं. मी त्याची आई.”

त्यांनी तेही जबाबात लिहिलं. यंत्र ठेवून घेतलं, बोलावलं की हजर व्हायचं, असं बजावलं आणि आम्हाला जाऊ दिलं. अजून बोलावणं आलेलं नाही. दारात अनोळखी मोटारसायकल थांबली तरी मी खिडकीशी जाते.

मुलगा सुखरूप परत गेला. विमानतळावर त्याला कुणी अडवलं नाही. त्याच्या कंपनीत नवं यंत्र मिळायला वेळ लागणार आहे, आणि काम काही थांबत नाही, म्हणून तो यंत्राशिवायच डोंगरात गेला आहे. देशाचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पुन्हा वर्गात उभी राहिले तर तेच शिकवीन. पण संध्याकाळ झाली की मला काही सुचत नाही. दीर रोज त्याच वेळेला कोरेगावहून फोन करतात.

“आला का वैनी त्याचा मेसेज?”

“नाही,” मी म्हणते. फोन ठेवून, भाकरीचं पीठ परातीत तसंच झाकून, मी मेसेज आला का ते पुन्हा बघते.