माझी बोटं बघा

मुरुडच्या एका लग्नातला सनईचा व्हिडिओ मध्यंतरी लोकांच्या फोनवरून बराच फिरला. तुमच्याकडेही आला असेल. नवरदेव मारुतीच्या देवळातून बाहेर पडतोय, बाजूला कुणाचं तरी लेकरू रडतंय आणि समोर गुलाबी फेटा बांधलेला एक माणूस डोळे मिटून सनई वाजवतोय. तो मी. मध्येच सनई एकदम वर चढते, तिथं जरा थरथरते आणि मग इतकी सावकाश खाली उतरते की संबळवालासुद्धा हात हलका करून ऐकत राहतो. तेवढ्या जागेसाठी लोकांनी तो व्हिडिओ पुढं पाठवला.

ती जागा मी वाजवलेली नाही.

वाजवली माझ्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. व्हिडिओत ते आहेत, पण अर्धेच. माझ्या खांद्यामागं एक पांढरी टोपी आणि सनईचं पितळी तोंड, इतकंच दिसतं.

हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं. पण मी मुळात कमी बोलणारा. बायको म्हणते, तुमच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे खोल विहिरीतून घागर ओढणं. गप्प राहणाऱ्या माणसाला एक सोय असते, त्याला खोटं बोलावं लागत नाही. लोक आपापलं समजून घेतात आणि आपण मान हलवायची.

सनई कधी एकटी नसते. एक जण पुढं बसून चाल वाजवतो आणि दुसरा अर्धा हात मागं बसून सूर धरतो. सूर धरणं म्हणजे तोच एक स्वर, न तोडता. गालात हवा साठवायची, ती सनईत सोडता सोडता नाकानं नवा श्वास घ्यायचा. पुढचा दम खायला थांबतो तेव्हा मांडवात जो आवाज उरतो तो या मागच्याचा. त्याच्याकडं कुणी बघत नाही. पंखा चालू होता हे जसं तो बंद पडल्यावर कळतं, तसं.

कोण पुढं आणि कोण मागं हे माझ्या वडिलांनी ठरवलं होतं. चाली आमच्या घरच्या, म्हणून मुलगा पुढं. जावई बाहेरचा, म्हणून सुराला. घरात मात्र याच्या बरोबर उलटं. दाजी आले की पहिला पाट त्यांना, पहिलं ताट त्यांना, आणि त्यांनी घास घेतल्याशिवाय आम्ही ताटाला हात लावत नसू. दाजी हसून म्हणायचे, "घरात मी म्होरं, मांडवात तू म्होरं. फिट्टंफाट."

कोरोनातून मी उठलो तेव्हा मला जिना चढवत नव्हता. लातूरला डाळमिलच्या ऑफिसात माझी नोकरी, ती बसून करण्याची, म्हणून निभावली. सनई निभेना. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात वरच्या स्वरावर माझा दम तुटला. आता फजिती, असं मनात येतंय तोवर लक्षात आलं की चाल चालूच आहे. मागून दाजींनी ती उचलली होती. इतकी वर्षं ते मागं बसून प्रत्येक चाल ऐकत होते, ती त्यांच्यात जाऊन बसली होती. माझी बोटं आपोआप सुरावर गेली. मी सूर धरला, ते चाल वाजवत राहिले. बसायच्या जागा मात्र बदलल्या नाहीत. पुढं मीच, डोळे मिटून, मान डोलवत.

मग तसंच पडत गेलं. चढाची जागा आली की मी सुरावर उतरायचो आणि दाजी चाल घ्यायचे. यावर आमच्यात एक शब्दही झाला नाही. आभार मानले असते तर उघड झालं असतं की काय चाललंय.

आणि नेमकं तेच मुरुडच्या त्या लग्नात कुणा पोरीच्या फोनमध्ये सापडलं.

मिलमध्ये पेढे वाटले गेले. मालक म्हणाले, "अहो, इतके दिवस आमच्यात बसून वजनाच्या पावत्या फाडून राहिले आणि हे पोटात ठेवलं व्हय!" मी म्हणालो, "चाललंय आपलं." बहिणीकडं, अक्काकडं गेलो तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझा फोटू तर लई फिरून राहिला रे. आमच्या माणसाची नुसती टोपीच दिसतीया."

दाजी बाजेवर बसले होते. "टोपी तर टोपी," ते म्हणाले. "धुतलेली होती ना?"

अक्का हसली. मीही हसलो. बोलायची ती वेळ होती, आणि मी हसलो.

नांदेडच्या काही गाणंवेड्या मंडळींनी सत्कार ठेवला. हॉल भरला होता, विष्णुपुरीच्या कॉलेजची पोरंपोरी खाली सतरंजीवर बसली होती. निवेदकानं माझं नाव तीनदा घेतलं आणि दाजी नि संबळवाला मिळून 'साथीदार' झाले. वाजवून झाल्यावर एका मुलीनं विनंती केली, "सर, ती व्हिडिओमधली जागा परत एकदा." मी सनई तोंडाला लावली. मागं न बघता मला माहीत होतं काय होणार. दाजींनी वाजवली. त्या दिवशी तर त्यांनी खाली उतरताना एक वळण जादा घेतलं, जे त्यांनी आधी कधी घेतलं नव्हतं. सूर धरूनसुद्धा माझ्या अंगावर काटा आला.

टाळ्या थांबेनात. मी उठलो, माइक घेतला आणि म्हणालो, "ही जागा माझी नाही. दाजींनी वाजवलीय. व्हिडिओतपण त्यांनीच."

मग आधीपेक्षा दुप्पट टाळ्या. निवेदक गहिवरून म्हणाला, "बघा मंडळी! एवढा मोठा कलावंत आणि सगळं श्रेय साथीदाराला! याला म्हणतात विनय." मी म्हणालो, "नाही हो, खरंच." लोक हसले, कौतुकानं. कुणीतरी आणखी एक शाल आणून माझ्याच खांद्यावर घातली. ती मी दाजींच्या अंगावर टाकायला गेलो, तर त्याचेही फोटो निघाले.

परतीच्या एसटीत दाजी खिडकीशी बसले. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी चहा आणून दिला.

"दाजी, मी सांगितलं ना सगळ्यांपुढं."

"हाव. सांगितलंस की."

"मग?"

"मग काय. आधी माझी चाल घेतलीस. आज माझ्या नावाच्या टाळ्या बी तूच घेतल्यास." चहाचा घोट घेऊन ते पुढं म्हणाले, "सांगायचं व्हतं तर मला आधी इचारायचं. मला पाहिजे का न्हाई ते तरी."

"पाहिजे होतं का?"

गाडी सुटली तेव्हा कागदी कप चेपून त्यांनी तो खिशात ठेवला.

त्यानंतर मी ठरवलं, पुढच्या लग्नाला दाजी पुढं आणि मी मागं. वाद नको म्हणून त्यांना सांगितलंच नाही. म्हणजे पुन्हा विचारलं नाही. ही माझी खोडच आहे.

लग्न मुरुडलाच होतं. सकाळपासून डीजे चालू होता. हल्ली आमचं काम तेवढंच उरलंय, नवरदेव मारुतीच्या पाया पडून मांडवात येईपर्यंत. तेवढ्यापुरता डीजे बंद करतात. आमच्याकडची रीत अशी की देवळाच्या पायरीवर सूर सुरू झाला की मांडवाच्या दारापर्यंत तो तुटू द्यायचा नाही. तुटला तर घरातली म्हातारी माणसं नाराज होतात.

दाजी त्या दिवशी तोंडात सुपारी धरल्यासारखे बोलत होते. मला वाटलं, तंबाखू असेल.

नवरदेव देवळात गेला. मी मागं सरकलो आणि दाजींना म्हणालो, "तुम्ही पुढं व्हा."

"गप. लोकं बघून राहिलेत."

"म्हणूनच म्हणतोय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, सनई तोंडाला लावली आणि सूर धरला. मीही सूरच धरला. नवरदेव पायरी उतरला. दोन सनया आणि एकच स्वर. चाल कोणीच घेईना. संबळवाला आमच्याकडं बघून हसायला लागला. वरात पाच-पन्नास पावलं सरकली असेल तर नवरदेवाचा मामा ओरडला, "अरे, वाजवा की काहीतरी! भोंगा लावलाय का गिरणीचा?"

लोक हसले. मी हटलो नाही. माझा दम आधी संपला, पण मी श्वास घेतला आणि पुन्हा सुरावरच आलो. मग दाजींनी डोळे मिटले आणि चाल घेतली.

खालचे स्वर नीट आले. चढ आला, आणि तिथं त्यांच्या ओठांच्या कडेनं हवा निसटली. सनई फाटल्यासारखी किंचाळली. त्यांनी पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तेव्हा मला मिशीखाली दिसलं. पुढचे दात नव्हते. सूर कसातरी ओठ दाबून धरता येत होता, चाल नाही.

मामा म्हणाला, "म्हातारं थकलंय. अहो फेटेवाले, तुम्ही घ्या की! व्हिडिओतलं ते!"

मी काय वाजवणार होतो? ते वाजवणारा माणूस समोर उभा होता. मी सूर धरून राहिलो. दाजींनी खालच्या खालीच चाल फिरवत मांडवापर्यंत नेली. चढाकडं पुन्हा गेलेच नाहीत. सूर तुटला नाही, तेवढंच. आम्ही दारात पोचताच डीजे सुरू झाला.

मांडवाच्या मागं दाजी पातळ कापडात सनई गुंडाळत होते.

"कधी काढले दात?"

"आठ रोज झाले. हलत व्हते. तुझ्या अक्काला म्हणलं, ह्याला सांगू नको. सुराला काय दात लागत न्हाईत."

"मला सांगायचं तरी."

"तू मला सांगतोस का काही?"

मी कापडाचं दुसरं टोक धरलं.

"कवळी बसंल," ते म्हणाले. "पण चढाचं न्हाई जमायचं आता. तू मागं बसायला निघालास, ते बरं केलंस. पण लई उशिरानं निघालास गड्या." मग जेवायला हाक आली, तेव्हा ते उठले आणि सवयीनं मला पुढं जायची खूण केली. मी थांबलो. ते पुढं झाले.

आता आम्ही दोघं दोन सूर आहोत, चाल कुणाकडंच नाही. एक-दोन सुपाऱ्या मी परत केल्या. अजून फोन येतात, ती जागा वाजवाल का म्हणून. मी नाही म्हणतो. त्यालाही लोक विनयच समजतात.

म्हणून हे लिहून ठेवतोय. व्हिडिओ तुमच्याकडं अजून असेल तर परत लावा. लेकरू रडायचं थांबतं, त्यानंतर लगेच सनई चढते. तेव्हा गुलाबी फेट्याकडं, मिटलेल्या डोळ्यांकडं बघू नका. माझी बोटं बघा. ती एकाच ठिकाणी आहेत, हलत नाहीत. मग माझ्या खांद्यामागं बघा. टोपीखाली, पितळी तोंडाच्या वर, चार बोटं दिसतात, कडेला कापली गेलेली. तेवढीच दिसतात. वाजवणारे दाजी आहेत.