मिस्त्रींचं दोन सूत

आमच्या कारखान्यातला भुसा रोज झाडला जातो, पोत्यात भरून जातो. किस्से कोण झाडणार? ते आपले साचतच राहतात! डहाणू-वाणगाव रस्त्यावर माझा आणि नवऱ्याचा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. नवरा ऑर्डरी आणतो, बाकी सगळं मी निस्तरते. आणि इथले निम्मे किस्से एकट्या वसंतमिस्त्रींचे. हे आमचे मुख्य सुतार. वय साठीपार, जीभ करवतीसारखी.

आधी एक सांगते. आमचा राउटर म्हणजे वायफायचा डबा नव्हे. लाकडाला गोलाई, नक्षी, खाच काढायचं मशीन ते. त्यात फिरणारं पातं बसवतात, त्याला म्हणायचं बिट. हे न कळल्यामुळे शेजारच्या चिकूवाडीतल्या काकू एकदा तणतणत आल्या. "अगं, तुमच्या राउटरचा आवाज थेट आमच्या घरात येतो!"

मी सॉरी म्हणाले.

"आवाज येऊ दे गं. नेट का येत नाही?"

*

एकदा मी हौसेने ऑनलाइन तीस बिटांचा सेट मागवला. सोनेरी बिटं, लाकडी पेटी, आत मखमल! मिस्त्रींनी एकेक बिट उचललं, धार नखावर घासली, पातं दांड्याला झाळून जोडतात ती जागा उन्हात धरून बघितली.

"वहिनी, पेटी झकास आहे. हळदीकुंकवाला काढा."

"आणि बिटं?"

"ती वाण म्हणून वाटा!"

*

डहाणूच्या बाजारात जिग्नेशभाईंचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांनी एकदा मिस्त्रींच्या हातात एक बिट ठेवलं. "मिस्त्री, आ तो लाइफटाइम चालशे!"

"कोणाचं लाइफटाइम? माझं की बिटाचं?"

तिसऱ्या दिवशी पात्याचा तुकडा उडाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये घुसला. कोणाला लागलं नाही, नशीब! मिस्त्रींनी तुकडा रुमालात बांधला आणि तडक दुकान गाठलं. गिऱ्हाइकांची ही गर्दी. मिस्त्री हात जोडून उभे.

"जिग्नेशभाई, बिट गेलं. तुम्ही जवळचे, म्हणून कळवायला आलो!"

तेव्हापासून जिग्नेशभाई मिस्त्रींसाठी आतल्या ड्रॉवरमधला माल काढतात.

*

आमच्याकडे माप सुतात चालतं. आठ सूत म्हणजे एक इंच. बिटाचा दांडा पाव इंचाचा, म्हणजे दोन सूत. आता बाजारात सहा एमएमचाही दांडा येतो, किंचित बारीक. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून त्यालाही सगळे बिनधास्त दोन सूतच म्हणतात. घोळ होतो तो इथेच.

रानशेत गावचा लक्ष्मण आमच्याकडे कारागीर. त्याने राउटरच्या पाव इंची जबड्यात, म्हणजे दांडा पकडणाऱ्या बदलत्या भागात, सहा एमएमचं बिट आवळलं. चालू कामात बिट सरकलं आणि कपाटाच्या नव्याकोऱ्या दाराला चर पडला. मिस्त्री आठवडाभर त्याच्यामागे हात धुऊन लागले होते. "अरे, केसाएवढा फरक! पण त्या केसावर सगळं काम लोंबकळतं!"

लक्ष्मण शांत माणूस. मिस्त्रींच्या टकलाकडे बघत म्हणाला, "केसाचं तुम्हाला काय कळणार, मिस्त्री?"

त्या दिवसापासून मिस्त्रींच्या राउटरला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा नियम झाला. मीसुद्धा नाही! विकत मी आणला होता, पण बोलणार कोण?

*

मिस्त्रींच्या बायकोने घरामागे साग लावला होता. ती गेली, मग एका वादळात तो सागही पडला. त्याच्या मोजून चार फळ्या निघाल्या. मिस्त्रींनी त्या तिच्याच साडीत गुंडाळून ठेवल्या. मुलीच्या, छायाच्या लग्नात त्यांचा देव्हारा करून द्यायचा. एक फळी बिघडली तर पाचवी नाही. म्हणून दरवेळी एकच पालुपद, "मनासारखं बिट मिळू दे."

इकडे छायाने प्रशांतला पसंत केलं होतं. ती वाणगावला दवाखान्यात कामाला, तो एका कंपनीत मशीनवर. एक दिवस माझ्याकडे येऊन बसली.

"काकी, बाबांना बिट पसंत पडायला चार वर्षं लागतात. माणूस कधी पडणार?"

मला हसू फुटलं, पण पोरीचे डोळे भरले होते. "लग्न करीन तर प्रशांतशीच. पण बाबांच्या होकाराशिवाय नाही करणार." फार वाईट वाटलं मला. मी मिस्त्रींकडे विषय काढला.

"कारखान्यात आणा त्याला," मिस्त्री म्हणाले. "घरी पोहे खाताना सगळेच चांगले दिसतात!"

*

रविवारी छाया प्रशांतला घेऊन आली. लक्ष्मणही कामावर होता. प्रशांतचा कडक इस्त्रीचा शर्ट. मिस्त्रींनी मुद्दाम त्याच दिवशी सागाची पहिली फळी टेबलावर घेतली. बिट नवं होतं, जिग्नेशभाईंच्या आतल्या ड्रॉवरमधलं. "एकदम फर्स्ट क्लास, दोन सूत!" म्हणून दिलेलं. मिस्त्रींनी धार नखावर घासली, जोड उन्हात बघितला, टोकाचं बेअरिंग फिरवून कानाशी धरलं. सगळं पास.

"माल असा पारखायचा," ते प्रशांतच्या शर्टाकडे बघत म्हणाले. "चमक बघायची नाही."

जबडा आवळला. गॉगल चढवला. बोट बटणावर गेलं.

"थांबा!" प्रशांत ओरडलाच. "काका, नट जरा जास्तच फिरला. दांडा सहा एमएमचा असणार. जबडा पाव इंची आहे."

छायाने माझा हात घट्ट धरला. झालं, म्हटलं, मोडलं लग्न!

मिस्त्रींनी प्लग काढला. बिट सोडवून बारीक माप घ्यायच्या व्हर्निअरमध्ये धरलं. हात लांब केला, जवळ आणला, पुन्हा लांब केला. शेवटी लक्ष्मणपुढे धरलं. "वाच."

"सहा," लक्ष्मण म्हणाला. मग हळूच, "केसाएवढाच फरक आहे, मिस्त्री."

मिस्त्रींनी फळीवरून एकदा हात फिरवला. मग ड्रॉवरमधून सहा एमएमचा जबडा काढून त्यांनी प्रशांतच्या हातात दिला. प्रशांतने तो बसवला, बिट आवळलं, ओढून बघितलं आणि राउटर त्यांच्यापुढे धरला.

मिस्त्रींनी तो घेतला नाही. स्वतःचा गॉगल काढला, सदऱ्याला पुसला आणि प्रशांतच्या डोळ्यांवर चढवला.

"डोळे सांभाळा, जावईबापू. आता आम्हालाही तेच वापरायचेत!"