डॅशबोर्डमागचा कडुलिंब

एप्रिलातल्या दुपारी आई-वडिलांना घेऊन मी येडशीहून सास्तूरला, धाकट्या बहिणीकडं निघाले होते. माझी गाडी जुनी, आणि तिचा एसी नावापुरता. दोनदा गॅस भरूनही मागं बसलेली आई पदरानंच वारा घेत होती.

वडिलांनी आयुष्यभर ट्रक चालवला. त्यांनी जाळीसमोर हात धरला आणि म्हणाले, "हवा गार हाय गं, पण येतीय कुठं? गॅसचं काम न्हाय हे. वाट अडलीय. गाडी सावलीला घे."

त्यांनी समोरचा कप्पा रिकामा करून सोडवला आणि त्यामागचा फिल्टर ओढून काढला. आमच्या दारातल्या कडुलिंबाखाली गाडी उभी असते. त्याचा सगळा पाला आणि सोयाबीनचा भुसा त्यात गच्च बसला होता. नवा मिळेपर्यंत चालेल म्हणून त्यांनी तोच दगडावर आपटून झाडला आणि परत बसवला.

मी पंखा पूर्ण सोडला. आत उरलेला पाला फर्रकन उडाला आणि थेट वडिलांच्या मिशांत जाऊन बसला. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

थोड्याच वेळात गाडी गारठली. आई म्हणाली, "अहो, कमी करा की! थंडी वाजायलीय."

"ऱ्हाऊ दे," वडील म्हणाले. "तीस वर्षं इंजिनाशेजारी भाजलोय म्या."

सास्तूरला उतरताच त्यांनी आपले गारेगार तळवे बहिणीच्या दोन्ही गालांवर ठेवले, आणि ती किंचाळलीच.