यादीत नसलेली सून

"वाच परत," ती म्हणायची आणि माझ्या टेबलावर कोपर रोवून उभी राहायची. खुर्ची पुढे केली तरी बसायची नाही. "बसलं की माणूस तुमच्यासारखं होतं," हे कारण. सरकारी कचेरीत असं तोंडावर ऐकवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी मात्र ती एकच पाहिली.

पंचवटीच्या बाजारात ती फुलं विकायची. नव्वद सालच्या ऑगस्टात इराकनं कुवेत गिळलं, तेव्हा तिची सून तिथल्या एका इस्पितळात नर्स होती. आपली माणसं मिळेल त्या वाहनानं वाळवंट ओलांडून जॉर्डनमध्ये अम्मानला पोचत होती आणि तिथून विमानानं मुंबईला येत होती. अम्मानला विमानाची वाट बघत असलेल्यांच्या याद्या आमच्या कचेरीत यायच्या. मी कारकून. त्या याद्या नातेवाइकांना वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

ही बाई सकाळचा धंदा उरकून अकराला हजर. सुनेचं नाव वैशाली. मी वाचायची, वैशाली नसायची.

"वाच परत."

"मावशी, कागद तोच आहे. दुसऱ्यांदा वाचून नाव उगवणार आहे का त्यात?"

"झेंडूच्या ढिगात पण दोनदा हात घालावा लागतो, बाई. किडकं फूल पहिल्यांदा दिसत नाय."

मी चडफडत परत वाचायची. माझ्या तोंडाला तेव्हा धार होती, पण तिच्यापुढे चालायची नाही.

तिचा मुलगा लग्नानंतर चार वर्षांनी अपघातात गेला. भावकी म्हणाली, सुनेला माहेरी धाड. माहेर कळवणकडचं, तिथे आईबाप उरले नव्हते. हिनं सुनेची लग्नाआधीची नर्सिंगची सर्टिफिकेटं ट्रंकेतून बाहेर काढायला लावली आणि तिला कुवेतला पाठवून दिलं. "विधवा सून परदेशी धाडतेस?" असं हिचा दीर म्हणाला, तर हिनं त्याला विचारलं, "मग तू पोसतो का?" त्यावर तो चार वर्षं गप्प होता.

लढाई लागली आणि त्याला पुन्हा वाचा फुटली. त्यात मी भर घातली. अम्मानला चौकशीची तार गेली, मजकूर मीच लिहिला होता. उत्तर आलं, या नावाची व्यक्ती आढळत नाही. मी ते वाचून दाखवलं तेव्हा दीरही शेजारी उभा होता. पितृपक्ष नुकताच लागला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "पोराचं पान वाढशील ना, त्याच्या शेजारी सुनेचंही वाढून टाक. जीव अडकून राहायला नको."

मला वाटलं, आता ही खाली बसणार. ती त्याच्याकडे वळली. "माझी सून जित्ती हाय. ती आली की तुझ्यासमोर जेवायला बसवीन. तुझं पान कुठं मांडायचं, तेवढं सांगून ठेव."

दीर तरातरा निघून गेला. खरं सांगते, मला रडू आलं. तिला आलं नाही. दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा हजर.

असे चार दिवस गेले. एक दिवस माझ्या सासूबाई कुलपाची किल्ली मागायला कचेरीत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "माधवी, किल्ली दे गं." त्या गेल्यावर ही माझ्याकडे बघत राहिली.

"तुला तर इथं सगळे शकुंतलाबाई म्हणतात."

"माधवी हे लग्नातलं नाव, मावशी. सर्टिफिकेटावर माहेरचंच आहे, म्हणून नोकरी त्या नावावर."

बोलता बोलता माझी जीभ अडखळली. ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

"तांदळात नाव काढायला मीच लावलं होतं पोराला," ती म्हणाली. "वैशाली मीच ठेवलं. मला आवडायचं ते. आठ वर्षांत दुसरं नाव तोंडात आलं नाय." पत्राची पाकिटं सून आपलं नाव-पत्ता घालून ठेवून गेली होती, तेही इंग्रजीत. हिला अक्षरओळख नाही. मग पाकिटावर नाव कुठलं, हे विचारणार कोण?

"माहेरचं नाव काय?"

"सुमन."

वाचायची गरजच नव्हती. तिसऱ्या पानावर सुमन होती, वय, धंदा नर्स, आडनाव माहेरचं. ते नाव आठवडाभर रोज दोनदा मी तिला वाचून दाखवत होते आणि ती कान देऊन ऐकत होती. माझी स्वतःची दोन नावं असून मला सुचलं नाही, याची लाज मला अजून वाटते.

"तार कर," ती उठत म्हणाली. "म्हणावं, सासू वाट बघती."

सून सुखरूप आली. दिराला जेवायला बोलावलं, सुनेच्या बरोबर समोर बसवलं, पुरणपोळीवर तूप वाढलं. तो मान वर न करता जेवला. लढाई निवली आणि हिनं पोरीला पुन्हा कुवेतला पाठवलं. "अद्दल घडली नाही का?" मी विचारलं. "लढाई संपली, बाई. आजारी माणसं संपली का?"

बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सालानंतर कधीतरी, ती गेली. सुमन दहाव्याला आली. मी तिच्यासोबत रामकुंडाजवळच्या उपाध्यायांकडे गेले. त्यांच्याकडे घराण्यांच्या वह्या असतात. कोण आलं, कोण गेलं, कोणाचे विधी झाले, पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद. त्यांनी पान काढलं. मुलाच्या मृत्यूच्या नोंदीखाली नव्वदच्या पितृपक्षातली एक नोंद होती. त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

"सून वैशाली. मुक्काम कुवेत. जिवंत आहे."

"हे वडिलांचं अक्षर," ते म्हणाले. "ते सांगायचे, तारेचं उत्तर हातात घेऊन ही बाई आली होती. विधी काही नको म्हणाली. एवढंच लिहायला लावलं."

खाली शाईत उमटवलेला अंगठा होता. सुमननं त्यावर स्वतःचा अंगठा टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.