दादाचा आवाज मीच कापला

दादाचा आवाज मीच कापला. स्वतःच्या हाताने, माउसने.

आज वर्ष झालं त्याला जाऊन. सकाळी वर्षश्राद्ध झालं, गुरुजी गेले, भांडी अजून तशीच पडली आहेत. मला उठवत नाहीये, म्हणून लिहीत बसले आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अविनाश, माझा मोठा भाऊ. सरकारी ऑफिसात बाबू. राज्य नवीन होतं, रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घरी कॉम्प्युटर असलेला हा एकच माणूस.

तोही विकत आणलेला नाही. एकेक पार्ट आणून स्वतः जोडलेला. कॅबिनेटचं झाकण कायम उघडं आणि त्याच्यासमोर टेबल फॅन.

आई म्हणायची, "आम्हाले हवा नाही अन् डब्ब्याले पंखा."

मग त्याला पॉडकास्टचं वेड लागलं. पॉडकास्ट म्हणजे काय हे रायपुरात कोणालाच माहीत नव्हतं. पंडरी बाजारातल्या एका दुकानदाराने त्याला विचारलं होतं, "भैया, ये रेडियो में कब आएगा?"

कार्यक्रमाचं नाव 'घरचा कॉम्प्युटर'. मराठीत. व्हायरस कसा काढायचा, मराठी टाइप कसं करायचं, असलं सगळं. ऐकणारे मोजून अकरा. त्यात एक मी आणि एक तो स्वतः.

रेकॉर्डिंग रविवारी दुपारी. मे महिन्यातही, कूलर बंद करून. खिडकीला रजई, माइकसमोर गोल बाजारातून आणलेली चहाची गाळणी, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. घामाने निथळत हा माणूस अकरा लोकांना RAM समजावून सांगायचा.

एडिटिंग माझ्याकडे होतं.

मी तेव्हा दोन वर्षं पुण्याला शिकून आले होते. शिकले किती ते जाऊ द्या, पण बोलणं बदलून आले होते. घरात कोणी 'मले-तुले' केलं की माझ्या कपाळावर आठी.

दादा पाऊण तास बोलायचा. मी त्याची बारा मिनिटं करायचे.

तो प्रत्येक वाक्याआधी "हव, तर..." म्हणायचा. कापलं.

विनोद सांगायच्या आधी स्वतःच हसायचा. कापलं.

आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अव्याऽऽ, सिलिंडर संपलं!" हा रेकॉर्डिंग चालू असतानाच, "हव आई, आलो, दोन मिनिटं थांब न!" आणि त्याच श्वासात पुढे मदरबोर्ड. तेही कापलं.

एकदा तो म्हणाला होता, "मिने, राहू दे न व थोडंसं. घरातच तर बसून बोलून राहिलो."

मी म्हटलं, "पुण्यात कोणी ऐकलं तर हसतील."

पुण्यात कोणीही ऐकत नव्हतं.

हार्ड डिस्क छोटी होती. भाग तयार झाला की मूळ रेकॉर्डिंग मी डिलीट करायचे. तो म्हणायचा, सीडीवर टाकून ठेवू. मी म्हणायचे, कचरा साठवून काय करणार? आणि तो ऐकायचा माझं. मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं असं त्याला खरंच वाटायचं.

पंधराव्या भागापासून माझं काम कमी झालं. कापायला काही उरेचना. तो बातम्या वाचल्यासारखा बोलायला लागला होता. मला वाटलं, चला, शिकला एकदाचा.

चाळीस भागांनंतर त्याने बंद केलं. "कंटाळा आला" म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही.

आज गुरुजी गेल्यावर आई म्हणाली, "मिने, अव्याचा आवाज लाव न. तुयाजवळ आहे म्हणे."

होता. चाळीसच्या चाळीस भाग पेनड्राइव्हमध्ये जपून ठेवले होते. कौतुकाने लावलं.

आईने दोन मिनिटं ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हा कोण होय?"

"अव्या आहे आई."

"अव्या असा कुठी बोले? हा कोणी मास्तर होय. बंद कर."

मी दुसरा भाग लावला. तिसरा लावला. ती मान हलवत राहिली. शेवटी मी खरं सांगून टाकलं. काय काय कापलं ते सगळं. त्याचं हसणं, त्याचं हव, तिच्या हाका.

ती म्हणाली, "मंग त्याच्यात ठेवलं काय?"

"कॉम्प्युटरची माहिती," मी म्हटलं.

तीही आता कोणाच्या कामाची नाही. डायल-अप मोडेम कसा जोडायचा, हे कोणाला हवंय?

दुपारभर शोधते आहे. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत व्हिडिओवाल्याने सगळ्यांच्या आवाजावर गाणी टाकली आहेत. फॅमिली ग्रुपवर दादा नेहमी टाइप करायचा, व्हॉइस नोट कधीच नाही. एवढा मोठा पॉडकास्टवाला, पण बोलून पाठवायला लाजायचा. ती लाज कोणी लावली, ते मला ठाऊक आहे.

म्हणून ही पोस्ट.

त्याच्या ऑफिसातले, पाऱ्यातले, ज्यांचे कॉम्प्युटर त्याने रविवारी येऊन फुकट दुरुस्त केले ते सगळे. तुमच्या जुन्या फोनमध्ये त्याचा एखादा रेकॉर्ड झालेला कॉल असेल, पिकनिकचा व्हिडिओ असेल, तुम्हाला शिव्या घालतानाचा असेल, तर मला पाठवा. दहा सेकंद असले तरी चालतील. मागे ट्रॅफिक असू दे, टीव्ही असू दे. कृपा करून काही साफ करू नका.

आई आत आडवी झाली आहे, झोपलेली नाही. आतापर्यंत दोनदा विचारलं तिने, "सापडलं काय व?"

दादा, भावपूर्ण वगैरे माझ्याच्याने लिहवत नाही. चुकलं माझं. नमस्कार करते.

तुझी मिनी