उचलून नेता येणार नाही असे आइसक्रीमचे मशीन

९ सप्टेंबर १८४३ रोजी अमेरिकेच्या पेटंट कचेरीने हाताने फिरवायच्या आइसक्रीमच्या पॉटचे पेटंट एका बाईच्या नावावर नोंदवले; त्याचा क्रमांक ३२५४. एवढे कोणालाही पडताळून पाहता येते. तो पॉट घडवायला घेतला तेव्हा घरच्यांपैकी कोणी तिला ‘आता हे कशाला’ असे म्हटले होते का, ते मात्र त्या कागदांवरून कळत नाही. डबलबेलच्या बाबतीत ही अडचण नाही. तिला ते सगळ्यांनी म्हटले होते, काहींनी तर पुन्हा फोन करून.

डबलबेल हे अर्थात तिचे नाव नव्हे. उभी हयात तिने शहराच्या बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली. दोरी ओढून घंटा वाजवायची. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. तिचे दोन टोले इतके कडक पडत की पेंगणारे उतारूही सावरून बसत. हे नाव कोणी ठेवले याबद्दल दोन हकिकती आहेत. डेपोतले लोक तिच्या बसच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवतात. ड्रायव्हर म्हणतो, नाव डेपोतल्यांनी ठेवले, मी फक्त पसरवले. दुसरी हकिकत अधिक विश्वसनीय मानावी, कारण तिच्यात सांगणाऱ्याने निदान अर्धा गुन्हा कबूल केला आहे.

आइसक्रीमशी तिचे तेव्हाचे नाते सरळ वैराचे होते. हातात कोन घेऊन कोणी पायरीवर चढू लागला की ती दारातच हात आडवा करी. “बस की आइसक्रीम? एक काय ते ठरव.” मोठमोठी माणसे खाली उभी राहून घाईघाईने कोन संपवत आणि मागून येणाऱ्या बसची वाट पाहत. तेव्हा पुढे या बाईने घरी आइसक्रीमचे मशीन घेतले, हे ऐकून डेपोत हशा पिकला तर त्यात नवल नाही.

निवृत्तीनंतर ती पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून ती पडली आणि उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण मुठीतला जोर काही परतला नाही. तेव्हापासून मुलगा दर रविवारी येऊ लागला. येताना त्याच्या हातात एक निळी कापडी पिशवी असे, रिकामी. जाताना ती भरलेली असे.

आधी मिक्सर गेला. “आमचा बिघडलाय गं, आणि तुला एकटीला असा कितीसा लागतो?” मग कुकर गेला. मग इस्त्री, मग जाड बुडाची कढई, मग भिंतीवरचे घड्याळ. घर रिकामे करायचे आहे, असे कोणी कधीही म्हटले नाही. ‘आमच्याकडे राहायला येतेस का’ असेही कोणी विचारले नाही. ते जणू केव्हाच ठरून गेले होते; बोलता बोलता मुलगा म्हणे, “तू आलीस की ती खिडकीकडची खोली तुला.” माणसे एकेक करून उतरू लागली की शेवटचा थांबा जवळ आला हे कंडक्टरला बाहेर न पाहताही कळते. डबलबेललाही कळले. तिने आणखी एक गोष्ट टिपली: मुलगा तेच नेतो, जे एका माणसाला एका खेपेत जिन्यावरून उतरवता येते.

एका सकाळी ती ड्रायव्हरला बरोबर घेऊन घरगुती उपकरणांच्या दुकानात गेली, ती मिक्सर आणायला. मिक्सरच्या फळीशेजारी आइसक्रीमची मशीने मांडली होती. ती तिथेच थांबली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला विक्रेता धावत आला.

“आजी, नातवंडांसाठी बघताय?”

“स्वतःसाठी बघतेय. आणि आजी म्हणायला तू माझ्या कुठल्या मुलाचा?”

“सॉरी, मावशी.”

“मला बहीणही नाही.” मग तिलाच हसू आले. “बरं, मावशी चालेल. दाखव.”

त्याने आधी जुन्या धाटणीचा पॉट पुढे केला. लाकडी पिंप, मध्ये धातूचा डबा, वर दांडा. “बाहेरून बर्फ आणि खडे मीठ, आत दूध, आणि फिरवत राहायचं. चव म्हणाल तर हीच, मावशी.”

डबलबेलने उजव्या हाताने दांडा धरला. अर्धा फेरा झाला आणि मनगटातून कळ गेली. तिने हात काढून घेतला, पण चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. तरीही ड्रायव्हरने ते पाहिले.

“मी फिरवीन की,” तो म्हणाला. “जन्मभर दुसरं केलंय काय?”

“म्हणजे मला खावंसं वाटलं की आधी तू मोकळा आहेस का ते विचारायचं. नको.”

दुसरे मशीन लहानसे, प्लास्टिकचे, गोंडस होते. त्याचे भांडे आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये घालून ठेवावे लागे. डबलबेलने ते एका हातात उचलून पाहिले.

“कापडी पिशवीत मावेल का हे?”

“मावेल म्हणजे काय! अगदी आरामात. कुठेही घेऊन जा.”

“मग राहू दे.”

विक्रेत्याने ड्रायव्हरकडे पाहिले. ड्रायव्हरने छताकडे पाहिले.

“ते पलीकडचं?” तिने विचारले.

“ते तुम्हाला नको, मावशी. आत फ्रिजसारखा कॉम्प्रेसर आहे. आधी काही गार करून ठेवायला नको, दूध ओतलं की स्वतःच गार करतं आणि घुसळतं, ते खरं. पण ओट्यावर जागा अडवतं. एकट्या माणसाला झेपत नाही. आणि ते आडवं करायचं नाही. झालंच, तर दिवसभर उभं ठेवून मगच लावायचं.”

“जिन्यावरून न्यायचं म्हटलं तर?”

“दोघं लागतील. आणि तेही शिव्या देत नेतील.”

“हेच दे.”

रस्त्यावर आल्यावर ड्रायव्हरला कंठ फुटला. “बाई, आपण मिक्सर आणायला आलो होतो.”

“मिक्सर आणला तर रविवारी जाईल.”

तो चालता चालता थांबला. सगळे ध्यानात यायला त्याला थोडा वेळ लागला. “असं आहे होय,” तो म्हणाला. “मग लोखंडी कपाट घ्या ना! ते तर चौघांनाही हलणार नाही.”

“आणि त्यात ठेवू काय? उरलंय काय घरात?” ती म्हणाली. “आणि कपाट आहे म्हणून कोणी कुठे राहत नाही. उठून काही करायचं असलं, तर माणूस राहतं.”

दुकानातली दोन माणसे मशीन घेऊन आली आणि विक्रेत्याच्या भाकितानुसार शिव्या देतच वर चढली. मशीन ओट्यावर, मिक्सरच्या रिकाम्या जागी बसले. शेजारीण डोकावून म्हणाली, “हे काय खूळ?” डॉक्टर म्हणाले, साखर. सूनबाईचा फोन आला, “आई, हे कशाला आता?” डबलबेलने प्रत्येकाला एकच उत्तर दिले: रविवारी या, खायला.

रविवारी मुलगा आला, आणि या खेपेस सूनबाईही आली. निळी पिशवी त्याने खुर्चीच्या पाठीला अडकवली. ओट्यावरचे ते पांढरे धूड त्याने पुढून पाहिले, मग बाजूने पाहिले.

“आई, हे काय?”

“दिसतंय की.”

“परत करू आपण. मी बोलतो दुकानात.”

“आधी खा. मग बोल.”

तिने सकाळीच दूध, साय, साखर आणि कॉफी एकत्र करून ठेवले होते. ते तिने मशीनमध्ये ओतले, झाकण बसवले, चालत्या बसमध्ये उभे राहावे तसे पाय फाकवून उभी राहिली आणि बटण दाबले. टक टक. हिरवा दिवा लागला, विझला. तिने पुन्हा दाबले. टक टक. लागला, विझला. तिसऱ्यांदाही तेच.

मुलगा म्हणाला, “बघ. एक बटण, आई. एक बटण लावता येत नाही तुला, आणि एकटी राहायचं म्हणतेस.”

“मी म्हटलं कुठे? तू विचारलंस कुठे?”

उत्तर नसले की माणूस काहीतरी उचलायला जातो. “दुकानात नेऊन दाखवतो,” म्हणत त्याने मशीनला मिठी मारली. मशीन दोन बोटे वर उठले आणि होते तिथे बसले. त्याची मान लाल झाली. “अगं, जरा त्या बाजूनं धर ना,” तो बायकोला म्हणाला.

“जिन्यात ते आडवं होईल,” डबलबेल म्हणाली. “आडवं केलेलं चालत नाही.”

सूनबाई पुढे आली. तिने हात मशीनखाली घातला नाही, झाकणावर ठेवला.

“आई, तुम्ही बटण दोनदा का दाबता?”

“चालू करायला.”

“अहो, एकदा दाबलं की चालू होतं. दुसऱ्यांदा दाबलं की बंद.”

“एक म्हणजे थांबा,” डबलबेल म्हणाली. दिवस उजाडला की उजेड पडतो, अशा सुरात ती म्हणाली. सूनबाईने तिच्याकडे पाहिले आणि तिला असे हसू फुटले की तिने तोंडावर हात धरला. क्षणभराने डबलबेलही हसली. मुलगा हसला नाही. डबलबेलने बटण एकदाच दाबले. बोट दुसऱ्या टोल्यासाठी शिवशिवत हवेत राहिले. तिने तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मशीन घुमू लागले.

दूध घट्ट व्हायला वेळ लागतो, आणि तोवर बसून राहण्यापलीकडे काही करता येत नाही. तिघेही बसले.

“खिडकीकडच्या खोलीत याला जागा करू, आई,” सूनबाई समजुतीने म्हणाली. “तुम्ही आलात की...”

“मी येणार आहे, असं तुला सांगितलं कोणी?”

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिले. “यांनीच. म्हणाले, आईला एकटं करमत नाही, पण तोंडानं मागणार नाही. म्हणून तर मी माझं शिलाई मशीन तिथून काढलं.”

“कुठे आहे ते?”

“पलंगाखाली.”

“म्हणजे तुझंही काम बंद?”

सूनबाईने होकारार्थी मान हलवली.

“मग काय करू मी?” मुलाचा आवाज चढला. “त्या दिवशी तू बाथरूममध्ये पडलेली. दार आतून लावलेलं. मी सहज आलो होतो गं! छत्री विसरलो होतो आदल्या दिवशी, ती न्यायला. छत्री विसरलो नसतो तर?”

डबलबेलला हे ठाऊक नव्हते. इतके दिवस तिने धरून चालले होते की त्या दिवशी तो तिला भेटायला आला होता.

“छत्रीसाठी आला होतास?” तिने विचारले.

“हो.”

ती सरळ बसली. “बरं झालं सांगितलंस. आता माझं ऐक. मी बाथरूमला कडी लावणार नाही. भिंतीला धरायला दांडा बसवून दे. जन्मभर दांडा धरून उभी राहिलेय, ते मला येतं. एक किल्ली हिच्याकडे राहू दे, तुझ्याकडे नको, तू हरवशील. पण मी इथून हलणार नाही. आणि तू काही विसरलास म्हणून येऊ नकोस. यायचं ठरवून ये.”

“आणि परत पडलीस तर?”

“पडले तर माझ्या घरात पडेन.”

“हे काय बोलणं झालं, आई?”

“तू न विचारता खोली देऊन टाकलीस, त्यापेक्षा बरं. निदान हे मला विचारून झालं.”

तो उठून खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. मशीन थांबले. डबलबेलने तीन वाट्या भरल्या. उजवा हात थरथरला तेव्हा चमचा डाव्या हातात घेतला. सूनबाईने चव घेतली.

“थोडे खडे झालेत.”

“पहिलंच आहे. पुढच्या वेळी नीट होईल.”

मुलाने आपली वाटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि ती तशीच वितळू दिली. सूनबाईने ती उचलायला हात पुढे केला, तेव्हा डबलबेल म्हणाली, “राहू दे. त्याची आहे, त्यानं काय करायचं ते करू दे.” जाताना त्याने पिशवी खुर्चीवरून काढली, घडी केली आणि खिशात घातली. वाटी तो पिऊन गेला, असे सूनबाई सांगते. डबलबेल म्हणते, निम्मी.

पुढल्या आठवड्यात न्हाणीघरात दांडा बसला. तो मुलाने स्वतः बसवला. तो किंचित तिरका आहे. सूनबाईचे शिलाई मशीन खिडकीकडच्या खोलीत परत गेले. या दोन गोष्टी जाऊन पाहता येतात. मिक्सर, कुकर, इस्त्री, कढई आणि घड्याळ अजून आलेली नाहीत. ती परत येणार आहेत की नाहीत, मुलाने तो बेत सोडला आहे की आई पुन्हा पडेल तोवर पुढे ढकलला आहे, हे त्याने कोणाला सांगितलेले नाही, आणि डबलबेलने त्याला विचारलेले नाही. तिचे मनगट खरोखर कितपत सुधारले आहे, तेही कळलेले नाही. त्याबद्दल विचारले की ती मूठ घट्ट वळून दाखवते, पण ती डावी असते. उजवी वळते का, हे माहीत नाही.