फाट्याला माझं नाव होतं

सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात तलावाचं पाणी सोडायचं काम माझ्याकडे होतं. शाळा तिसरीपर्यंत. पण मोठ्या पाटातून कोणते फाटे, फाट्यातून कोणत्या नाल्या, सारं तोंडपाठ. वर तोंड बुजवलं की खालचं सारं कोरडं, हे कळायला शाळा लागत नाही.

तेव्हा फाट्यांना माणसांची नावं होती. पहिला फाटा गावच्या जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या नावाचा. ऐंशी सालानंतर एका वर्षी धान गर्भावर, लोंब्या पोटात असताना त्याच्या नातवानं मोठ्या पाटातच बांध घातला आणि सगळं पाणी आपल्या फाट्याला वळवलं. खाली बौद्ध घरांच्या बांध्यांना, धानाच्या वावरांना भेगा पडल्या.

"फाटा आमचा हाये. नावच आमचं हाये."

"मंग नावच काढतो," मी म्हणालो.

खुंट रोवले, डांबरानं लिहिलं: पहिला, दुसरा, तिसरा. नाल्यांना 'दुसऱ्याची पहिली', 'दुसऱ्याची दुसरी'. कोणाचं पाणी कोणातून येते ते नावातच दिसलं पाहिजे. मालकाचं काय काम तिथं?

नातवानं मले तलावाच्या पाळीवर गाठलं. पावड्याच्या दांड्यानं दोन दात पाडले, करंगळी दगडावर ठेवून ठेचली. सकाळी त्यानं उपटलेला खुंट मी त्याच ठेचल्या हातानं परत रोवला. ते रक्त पाहून खालची माणसं कुदळी घेऊन आली, बांध फोडला. त्यांचं धान वाचलं.

तेव्हापासून ती माणसं त्यांच्या बांध्यांकडे जाणाऱ्या तिसऱ्या फाट्याला माझ्या नावानं ओळखू लागली. खोटं कशाला सांगू, गोड वाटलं. 'तिसरा' खरवडून मीच तिथं डांबरानं माझं नाव लिहिलं.

पुढच्या वर्षी तलाव अर्धाच भरला. माझ्या धाकट्या भावाची बांधी तिसऱ्या फाट्याच्या तोंडाशी. त्यानं आपल्या बांधीपुढं फाटा बुजवला, पाणी आपल्याकडंच वळवलं. खाली तीच घरं, तेच गर्भावरचं धान.

"खोल," मी म्हणालो.

"काऊन खोलू, दादा? तुयं नाव हाये. म्हंजे आपलाच ना?"

"खोल म्हणतो ना!"

"मालगुजार झाला का बे तू?" म्हणून तो हसला.

मी पावडं त्याच्या पायाच्या नळीवर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मले ऐकू आला. तो चिखलात पडून मायच्या नावानं ओरडत होता. मी आधी बांध फोडला. पाणी खाली गेलं. मग त्याच पावड्यानं खुंटावरचं माझं नाव खरवडलं, लाकूड पांढरं होईस्तोवर, आणि मग भावाला पाठीवर घेतलं.

तो मरेपर्यंत लंगडला. माझ्याशी बोलला नाही. खुंटावर मी परत 'तिसरा' लिहिलं.